लिव्हर खराब असताना दाढ काढायची? आधी रिपोर्टमधला आयएनआर नीट वाचूया

ज्यांना हार्बर लाइनच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजवरून आला. कोपरखैरण्याच्या एका श्रोत्याने विचारलंय: "बाबांना सिरॉसिस आहे. मागची दाढ पूर्ण किडलीये, गाल सुजतो. दातांचे डॉक्टर म्हणतात, आधी लिव्हरच्या डॉक्टरांचं पत्र आणा. लिव्हरचे डॉक्टर म्हणतात, आयएनआर २.१ आहे, प्लेटलेट्स कमी आहेत, जपून करा. जपून म्हणजे काय ते कोणीच सांगत नाही. दाढ काढली तर रक्त थांबणारच नाही का?"

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मी ऐरोलीत बसून कोड लिहितो. पण हा प्रश्न मला सोडवेना, कारण त्याच्या मुळाशी एक आकडा आहे आणि त्या आकड्याचा अर्थ सगळे गृहीत धरतात. आमच्या कामात हे रोज होतं. डॅशबोर्डवर एक लाल आकडा दिसतो आणि सगळे घाबरतात, पण तो आकडा मुळात काय मोजायला बनवला होता हे कोणी विचारत नाही. आयएनआरचं अगदी हेच झालंय. त्यामुळे आज आधी आकडा समजून घेऊ आणि मग "जपून" या शब्दाचा अर्थ लावू.

दाढ निघाल्यावर तोंडात काय होतं

दात उपटला की हाडात एक खड्डा राहतो. फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त येतं आणि तो खड्डा भरतो. पहिल्यांदा प्लेटलेट्स धावत येतात आणि भोकावर चिकटून एक कच्चं बूच तयार करतात. मग रक्तातले गोठवणारे घटक एकामागोमाग एक जागे होतात. शेवटी फायब्रिन नावाचे धागे तयार होतात, त्यांचं जाळं त्या बुचावर बसतं आणि गुठळी पक्की होते. आपण डेंटिस्टकडे कापूस किंवा गॉज चावून अर्धा तास बसतो ना, ते या कामाला वेळ मिळावा म्हणूनच.

लोक इथेच थांबतात, पण गोष्ट इथे संपत नाही. शरीरात गुठळी विरघळवणारीही यंत्रणा असते, कारण जखम भरली की गुठळी साफ करायला हवी. आणि आपल्या थुंकीत या विरघळवणाऱ्या यंत्रणेला चालना देणारे पदार्थ असतात. म्हणजे हाताला कापलं तर वर कोरडी खपली धरते, पण तोंडात गुठळी सतत अशा ओलाव्यात बसलेली असते जो तिला पातळ करायला टपलेला आहे. त्यात जीभ मध्येमध्ये चाचपायला जाते ती वेगळीच. म्हणून तोंडातली जखम ही निरोगी माणसातसुद्धा जरा हट्टी असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिव्हर म्हणजे कारखाना, पण दोन्ही बाजूंचा

रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हर बनवतं. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, पाचवा, सातवा, नववा, दहावा, अकरावा, सगळे तिथलेच. लिव्हरमध्ये चट्टे पडून ते कडक झालं, म्हणजे सिरॉसिस झाला, की उत्पादन घटतं. प्लेटलेट्सचं थोडं वेगळं आहे. त्या अस्थिमज्जेत बनतात, पण त्या बनवण्याचा आदेश देणारा थ्रॉम्बोपोएटिन हा हार्मोन मुख्यतः लिव्हरमधून येतो. शिवाय कडक लिव्हरमधून रक्त पुढे सरकत नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि ती प्लेटलेट्स आपल्याकडेच अडकवून ठेवते. एरवीही शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत असतात, ती फुगली की बहुतांश तिथेच जाऊन बसतात. निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. सिरॉसिसमध्ये साठ-सत्तर हजार हा आकडा दिसणं अगदी नेहमीचं आहे.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, झालं, माणूस हिमोफिलियावाल्यासारखा वाहतच राहणार. पन्नास वर्षं डॉक्टरांनाही साधारण असंच वाटत होतं.

पण लिव्हर फक्त गोठवणारे घटक बनवत नाही, गोठणं रोखणारेही तेच बनवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही त्यातली नावं. कारखाना बंद पडायला लागला की अॅक्सिलरेटरही कमी बनतो आणि ब्रेकही. भरीला, आठवा घटक आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे दोघं रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनतात आणि सिरॉसिसमध्ये ते उलट वाढतात. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर म्हणजे प्लेटलेट्सना चिकटवणारा गोंद. प्लेटलेट्स कमी, पण गोंद जास्त! शरीर असा जुगाड करत एक नवा तोल साधतं. मिलानच्या आर्मांडो त्रिपोदी आणि पियेर मानुच्चो मानुच्ची यांच्या गटाने २००५ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं: ब्रेकची यंत्रणाही चालू ठेवून मोजलं, तर सिरॉसिसच्या रुग्णांचं रक्त थ्रॉम्बिन जवळपास निरोगी माणसाइतकंच बनवतं.

मग रिपोर्टमध्ये आयएनआर २.१ का येतो?

कारण ती टेस्ट ब्रेक मोजतच नाही. नळीत रक्तातला द्रव घ्यायचा, त्यात गोठवायला सुरुवात करणारं रसायन टाकायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. किती सेकंदांत गोठलं तो प्रोथ्रॉम्बिन टाइम. प्रोटीन सी जागं व्हायला रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा थ्रॉम्बोमॉड्युलिन लागतो आणि काचेच्या नळीला भिंत असली तरी तिच्यावर थ्रॉम्बोमॉड्युलिन नसतो. म्हणजे गाडीचा अॅक्सिलरेटर हलका दाबला जातोय एवढंच कळतं, ब्रेक लागलाय की सुटलाय ते डॅशबोर्डवर नाहीच.

गंमत म्हणजे ही टेस्ट अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली, तेव्हा त्यांच्या डोक्यात कावीळच होती. पण पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत प्रकरण वेगळं असतं. पित्त आतड्यात पोहोचत नाही म्हणून के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि त्याशिवाय लिव्हर चांगलं असूनही काही घटक अर्धवट बनतात. अशा माणसाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं की आकडा झपाट्याने सुधारतो. सिरॉसिसमध्ये कच्चा माल नाही, मशीनच बिघडलंय, त्यामुळे तिथे हे इंजेक्शन बहुतेकदा फारसं काही करत नाही. कुपोषण असेल किंवा अँटिबायोटिक्स बरेच दिवस चालली असतील तर थोडा फायदा होतो, म्हणून डॉक्टर देऊन बघतात. ठीक आहे.

आणि आयएनआर? तो तर आणखी नंतरचा. वेगवेगळ्या लॅबचे सेकंद जुळत नव्हते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत आणली, तीही वॉरफरिन नावाची रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी. कॅलिब्रेशन वॉरफरिनवाल्यांच्या रक्तावर झालंय. त्यामुळे लिव्हरच्या रुग्णाचा तोच नमुना दोन लॅबमध्ये दिला तर आकडे वेगळे येऊ शकतात, कारण रसायन वेगळं असतं. गेल्या महिन्यात वाशीच्या लॅबमध्ये १.८ होता, आज पनवेलच्या लॅबमध्ये २.१ आला, म्हणजे बाबांची तब्येत बिघडलीच असं नाही. तुलना करायची तर एकाच लॅबमध्ये करा.

म्हणजे आयएनआर निरुपयोगी का? मुळीच नाही. लिव्हर किती थकलंय हे तो छान सांगतो, म्हणून बिलिरुबिन आणि क्रिएटिनिनबरोबर तो मेल्ड स्कोअरमध्ये असतो आणि ट्रान्सप्लांटच्या निर्णयात वापरतात. तो आजार किती गंभीर आहे ते सांगतो, पण दाढ काढल्यावर किती रक्त जाईल ते सांगत नाही. एकाच आकड्यावर दोन प्रश्नांची जबाबदारी टाकल्यामुळे सगळा गोंधळ आहे.

मग रक्त जातच नाही का?

जातं. आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका.

तो नवा तोल नाजूक असतो. निरोगी माणसाकडे दोन्ही बाजूंना भरपूर साठा असतो, धक्का बसला तरी सावरतं. सिरॉसिसवाल्याकडे दोन्ही बाजूंचा साठा संपत आलेला असतो. आम्ही याला म्हणतो, सर्व्हर चालतोय पण हेडरूम नाही. इन्फेक्शन झालं, किडनी बिघडली, पोटात पाणी भरून माणूस अॅडमिट झाला, की तराजू कुठल्याही बाजूला झुकू शकतो. हो, गुठळ्या होण्याच्या बाजूलाही. आयएनआर जास्त असताना पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झालेले रुग्ण असतात, आणि घरचे चक्रावतात की रक्त पातळ असताना गुठळी कशी!

दाढेच्या बाबतीत तीन गोष्टी खऱ्या अर्थाने त्रास देतात. एक, प्लेटलेट्स फारच खाली असणं. दोन, फायब्रिनोजेन कमी असणं, कारण जाळं विणायला धागाच नाही. अगदी शेवटच्या टप्प्यातल्या आजारात ते १०० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतं. तीन, विरघळवणारी यंत्रणा जोरात असणं. आठवतंय ना, थुंकीत ती आधीच असते? लिव्हर खराब झालं की ती विरघळवणारी द्रव्यं रक्तातून नीट साफही होत नाहीत. म्हणून या रुग्णांमध्ये एक ठरावीक प्रकार दिसतो: क्लिनिकमध्ये रक्त थांबतं, सगळे खूश होऊन घरी जातात आणि रात्री अकराला उशीवर लाल डाग दिसतो. गुठळी झाली होती, टिकली नाही.

आणि चौथी गोष्ट रक्तात नसते, हिरडीत असते. सुजलेल्या, पू झालेल्या हिरडीतून रक्त जास्तच येतं. आपल्याकडे गावाकडच्या कितीतरी बायका आणि पुरुष अजून मिश्री लावतात. भाजलेला तंबाखू दिवसातून दोनतीनदा हिरड्यांवर चोळल्यावर हिरड्यांचं काय होणार? अशा हिरडीतून दाढ काढणं आणि स्वच्छ हिरडीतून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक. शक्य असेल तर आधी साफसफाई करून, सूज उतरवून मग दाढ काढतात ते यासाठी.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? ब्राझीलमधला २०१२ चा एक अभ्यास मला आवडला, कारण त्यात सगळे रुग्ण लिव्हर ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवरचे होते, म्हणजे आजार गंभीर. २३ माणसं, ८४ दात, ३५ वेळा प्रक्रिया. नंतर रक्तस्राव किती वेळा? एकदा. तोही गॉज दाबून थांबला. अभ्यास छोटा आहे, आणि प्लेटलेट्स ३०,००० च्या वर व आयएनआर ३ च्या आत असलेल्यांनाच घेतलं होतं, हे विसरू नका. पण "रक्त थांबणारच नाही" या भीतीला तो चांगलं उत्तर आहे. कमी रक्तस्रावाच्या प्रक्रियांआधी केवळ आकडा सुंदर दिसावा म्हणून आयएनआर दुरुस्त करत बसू नका, असं अमेरिकेच्या लिव्हरतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये आणि युरोपच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय.

प्लाझ्मा चढवला की झालं?

घरच्यांची पहिली सूचना हीच असते: "दोन पिशव्या प्लाझ्मा चढवा आणि मग काढा." समजूत चुकीची नाही, घटक कमी आहेत तर बाहेरून द्या. पण हिशोब बघा. प्लाझ्माचा डोस किलोला १० ते १५ मिलिलिटर. ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिलिलिटर. ज्याच्या पोटात आधीच पाणी आहे, ज्याच्या अन्ननलिकेतल्या शिरा दाबाने फुगल्यात, त्याच्या शरीरात जवळपास लिटरभर द्रव ओतायचा. दाब वाढतो आणि ज्या शिरा फुटायची भीती तिथेच धोका वाढतो. शिवाय प्लाझ्मामध्ये अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असतात, त्यामुळे तोल फारसा बदलत नाही. रिपोर्टमधला आकडा थोडा सुधारतो, आणि तोही थोडेच तास.

थ्रॉम्बोएलास्टोग्राफी नावाची एक टेस्ट आहे, जिला टेग म्हणतात. जर्मनीतल्या हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ मध्येच ही कल्पना मांडली होती. यात गुठळी बनताना, घट्ट होताना आणि विरघळताना पूर्ण आलेख दिसतो, नुसती सुरुवात नाही. इटलीतल्या २०१६ च्या एका चाचणीत सिरॉसिसचे ६० रुग्ण होते, सगळ्यांचे आकडे वाईट, सगळ्यांवर काहीतरी प्रक्रिया करायची होती. ३० जणांना आयएनआर आणि प्लेटलेट्स बघून ठरवलं, तिथे सगळ्या तीसच्या तीस जणांना प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या. उरलेल्या ३० जणांना टेग बघून ठरवलं, तिथे फक्त पाच जणांना लागल्या. आणि म्हणून त्या गटात जास्त रक्तस्राव झाला असंही नाही. टेग प्रत्येक ठिकाणी मिळत नाही, साध्या दाढेसाठी दरवेळी लागतही नाही. पण विचारून बघायला काय जातंय? निदान फायब्रिनोजेनची साधी टेस्ट तरी विचारा.

प्लेटलेट्स खूपच कमी असतील तर चढवायच्या की नाही हा निर्णय त्या दिवशीचा आणि त्या डॉक्टरांचा. प्लेटलेट्स वाढवणाऱ्या गोळ्याही आहेत, २०१८ मध्ये अमेरिकेत अॅव्हाट्रोम्बोपॅग आणि लुसुट्रोम्बोपॅग यांना मंजुरी मिळाली. पण त्या दाढेच्या एक-दोन आठवडे आधीच सुरू कराव्या लागतात. आयत्या वेळी उपयोग नाही.

आता तो शब्द: "जपून"

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका रक्तस्राव नाहीच. धोका हा आहे की दोन डॉक्टरांमध्ये पत्रं फिरत राहतात आणि किडलेली दाढ तोंडात तशीच राहते. सिरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी असते, आणि इन्फेक्शन तो नाजूक तोल मोडतं हे आपण पाहिलंच. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर आणखी अडचण. यादीत नाव जायच्या आधी बहुतेक सेंटर्स दातांची तपासणी मागतात, कारण ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची चालू होतात आणि तेव्हा दातातला पू जिवावर बेतू शकतो. म्हणजे दाढ काढायला शरीर सगळ्यात कमी तयार असतं, नेमकं तेव्हाच ती काढावी लागते. टाळून सुटका नाही.

मग कुठे काढायची? पोटात पाणी नाही, मेंदूवर परिणाम नाही, आकडे बऱ्यापैकी आहेत, तर अनुभवी ओरल सर्जन क्लिनिकमध्येही काढू शकतो. पण आजार गंभीर असेल तर जिथे मागे पूर्ण हॉस्पिटल आणि ब्लड बँक आहे तिथेच. नवी मुंबईकरांचं एक बरं आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एम.जी.एम., एवढी डेंटल कॉलेजं या एका पट्ट्यात आहेत आणि प्रत्येकात ओरल सर्जरीचा विभाग असतो. डी. वाय. पाटील, तेरणा आणि एम.जी.एम. यांची तर मोठी हॉस्पिटलंही आहेत.

वेळ निवडा. आमच्याकडे अलिखित नियम आहे, शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायचं नाही, कारण शनिवारी फुटलं तर दुरुस्त करायला कोणी नसतं. दाढेचंही तेच. सोमवार-मंगळवारची सकाळ घ्या. रात्री रक्त आलं तरी दुसऱ्या दिवशी सगळे ड्युटीवर असतात. शनिवारी संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळतेय म्हणून घेऊ नका.

बाकी काम सर्जनचं, पण काय व्हायला हवं हे माहीत असलेलं बरं. एका वेळी एक-दोनच दाढा. हाड कमीत कमी दुखवायचं. खड्ड्यात विरघळणारा जिलेटिनचा स्पंज किंवा सेल्युलोजची जाळी भरायची, वरून टाके घालायचे, भले साधी दाढ असो. मग गॉज दाबून बसायचं आणि लगेच घरी न जाता तास-दोन तास तिथेच थांबायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरा फरक याच गोष्टींनी पडतो. रक्त दंडातून चढवण्यापेक्षा खड्ड्यातच थांबवायचं.

इथे एक औषध खास आहे, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी १९६२ मध्ये ते शोधलं. ते गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी विरघळू देत नाही. म्हणजे रात्री अकराच्या त्या प्रॉब्लेमवर नेमका उपाय. साधारण पाच टक्क्यांच्या द्रावणात गॉज भिजवून दाबतात, किंवा पुढचे काही दिवस तोंडात धरून हळूच सोडून द्यायला देतात. पण मेडिकलमधून गोळ्या आणून स्वतःच गिळू नका! २०२० च्या हॉल्ट-आयटी या मोठ्या चाचणीत पोटातल्या रक्तस्रावाच्या १२,००० हून जास्त रुग्णांना, ज्यात लिव्हरचे बरेच होते, हे शिरेतून देऊन पाहिलं. मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांमध्ये गुठळ्या मात्र वाढल्या. तोंडापुरतं वापरणं आणि पूर्ण शरीराला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमचं काम काय? डेंटिस्टला सगळं सांगणं. आपल्याकडे बरेच जण लिव्हरचा आजार लपवतात, समोरचा "पीत असतील" असं समजेल म्हणून. अरे, फॅटी लिव्हरने सिरॉसिस होतो, हेपटायटिस बी आणि सीने होतो, आणि दारूने झाला असला तरी डेंटिस्टला न्यायनिवाडा करायचा नाहीये, दाढ काढायचीये. ब्रश करताना रक्त येतं का, अंगावर निळे डाग पडतात का, आधी दात काढला तेव्हा काय झालं, हे सांगा. कधीकधी ही माहिती आयएनआरपेक्षा जास्त कामाची असते. चालू औषधांची यादी फोनमध्ये टाइप करून न्या. त्यात प्रोप्रानोलॉल असेल तर मुद्दाम बोटाने दाखवा, कारण भुलीच्या इंजेक्शनमध्ये अॅड्रेनलिन असतं आणि दोघांचं फार जमत नाही. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असेल तर तेही, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काढे आणि चूर्णंही यादीत येतात. "ते काय, आयुर्वेदिक आहे" म्हणून आपण सांगतच नाही. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. ज्याचं लिव्हर आधीच दमलंय त्याने तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरी आल्यावर

दाढ काढून आलं की घरात कोणीतरी पेनकिलर पुढे करतंच. कॉम्बिफ्लॅम, केटोरॉल डीटी, झिरोडॉल, ही आपल्या ड्रॉवरमधली नेहमीची मंडळी. सिरॉसिसवाल्यासाठी ही तिन्ही नकोत. आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक, अॅसिक्लोफेनॅक ही औषधं प्लेटलेट्सचं काम बिघडवतात, पोटात जखम करतात आणि या रुग्णांची किडनी अचानक बसवू शकतात. उलट ज्या पॅरासिटामॉलला सगळे लिव्हरसाठी घाबरतात, तेच इथे तुलनेने सुरक्षित, फक्त दिवसाला २ ग्रॅमच्या आत. ६५० ची गोळी असेल तर २४ तासांत तीनपेक्षा जास्त नाही, आणि तीही तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. अँटिबायोटिकही आधीचं उरलेलं खाऊ नका. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड असलेली गोळी लिव्हरला त्रास देण्यासाठी प्रसिद्ध आहे.

पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. प्रत्येक वेळी गुठळी ओढली जाते. गार झालेली पेज, मऊ भात, ताक. पोटात पाणी असेल तर मिठाचं पथ्य दाढ काढली म्हणून सुटत नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा बंद. बाहेरून गालाला बर्फ चालेल. झोपताना उशी थोडी उंच.

थुंकी गुलाबी दिसली तर घाबरू नका, एक थेंब रक्त पूर्ण तोंड रंगवतं. पण तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ गॉजची घडी नेमकी खड्ड्यावर ठेवा, घट्ट चावा आणि घड्याळ लावून अर्धा तास उघडून बघू नका. दर दोन मिनिटांनी "थांबलं का" म्हणून बघणं हाच सगळ्यात मोठा घोळ. अर्ध्या तासाने थांबलं नाही तर आणखी एकदा तसंच करा, आणि तेव्हाच सर्जनला फोन लावा. तरीही नाही थांबलं तर वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा.

आणि हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते फार कमी जणांना माहीत असतं. झिरपणारं रक्त गिळायचं नाही. रक्त म्हणजे प्रथिनांचा मोठा डोस. ते आतड्यात गेलं की त्यापासून अमोनिया बनतो, आणि खराब लिव्हर तो साफ करू शकत नाही. तो मेंदूपर्यंत जातो. माणूस दिवसभर पेंगतो, रात्री जागा राहतो, उलटसुलट बोलतो, हात पुढे धरले की पंज्याची फडफड होते. घरच्यांना वाटतं, भुलीचा परिणाम असेल, झोपू दे. तोंडात दिलेली भूल काही तासांत उतरते, दुसऱ्या दिवशी ती गुंगी आणत नाही. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीचं नाव विसरत असतील, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारत असतील किंवा शी डांबरासारखी काळी होत असेल, तर ते दाढेचं दुखणं समजू नका, त्याच दिवशी लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या. लॅक्ट्युलोजचं सिरप आधीपासून चालू असेल तर दाढेच्या गडबडीत ते चुकवू नका, दिवसाला दोनतीनदा पोट साफ होतंय ना ते बघा. आणि रात्री घरातलं एक माणूस त्यांच्याच खोलीत झोपा.

तुमचे प्रश्न नेहमीच्या नंबरवर पाठवा. फक्त रिपोर्टचे फोटो मला पाठवू नका रे, ते डेंटिस्ट आणि लिव्हरचे डॉक्टर या दोघांना एकाच मेसेजमध्ये पाठवा, आणि त्यांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा.